दोष शोधणाऱ्याचीहि परीक्षा व्हावी

आपल्या शाळेच्या संगणकाच्या खोलींत मागील सत्रांत एक लहानसा प्रसंग घडला. प्रसंग कांहीं मोठा नव्हे. परंतु त्यावरून माझ्या मनांत जे विचार आले, ते विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्याहि उपयोगीं पडतील असें वाटल्यावरून या वार्षिक अंकांत ते मांडीत आहें.

नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें सी भाषेंत एक प्रोग्राम लिहिला होता. एका मुलाचे पांच विषयांचे गुण घ्यावयाचे, त्यांची बेरीज करावयाची आणि तीस पांचांनीं भागून सरासरी सांगावयाची, एवढेंच त्याचें काम. गुण होते ६२, ७१, ५८, ८० आणि ६९. ब्राउझरच्या पानावर उत्तर उमटलें, ७१. विद्यार्थी संतुष्ट झाला. सरासरी चांगली होती, आणि जें उत्तर आपणांस आवडतें त्याविषयीं संशय घेण्याची संवय मनुष्यस्वभावास नसते. शेजारीं बसलेल्या त्याच्या मित्रानें मात्र कागदावर आंकडेमोड केली. त्याची बेरीज ३४० आली आणि सरासरी ६८. मित्राची बेरीज पुन्हा तपासली तों ती बरोबर निघाली. तेव्हां आमचा विद्यार्थी म्हणाला, "सर, मी हें सगळें पुसून पहिल्यापासून लिहितों."

मीं त्यास थांबविलें. पुसून टाकणें म्हणजे दुरुस्त करणें नव्हे. जो दोष कोठें होता हें कळलें नाहीं, तो त्याच हातांतून पुन्हा उतरण्याचा संभव असतो. आणि समजा पुन्हा उतरला नाहीं, तरी लिहिणाऱ्याच्या ज्ञानांत त्यानें कांहीं भर पडत नाहीं. आम्हीं तो दोष शोधावयाचें ठरविलें. तो कसा सांपडला हें सांगण्यापूर्वीं त्यामागची थोडी हकीकत सांगितली पाहिजे.

ब्राउझर ही मूळची पानें दाखविण्याची खिडकी. पुष्कळ वर्षें त्यास प्रोग्रामांची म्हणून स्वतःची एकच भाषा समजे, ती जावास्क्रिप्ट. सी किंवा सी प्लस प्लस या भाषांत लिहिलेलीं मोठमोठीं कामें त्यांत सहजासहजीं चालवितां येत नसत. ही अडचण दूर करण्यासाठीं वेबअसेम्ब्ली नांवाची एक आटोपशीर सांकेतिक भाषा तयार करण्याचें काम २०१५ सालीं जाहीर झालें. २०१७ सालीं ती चार प्रमुख ब्राउझरांत आली, आणि ५ डिसेंबर २०१९ रोजीं वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या संस्थेनें तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली. १९८२ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेला ऑटोकॅड हा आराखडे काढण्याचा प्रोग्राम याच मार्गानें २०१८ सालीं ब्राउझरांत आला. माणसानें लिहिलेला मजकूर या सांकेतिक भाषेंत उतरविण्याचें काम कंपायलर करतो. त्या कामीं एमस्क्रिप्टन नांवाचें साधन पुष्कळ वापरलें जातें. आमच्या वर्गांतहि तेंच होतें.

परंतु या रूपांतरांत कांहीं हरवतें. उसाचा रस काहिलींत आटवून त्याचा गूळ केला, म्हणजे ढेपेकडे पाहून हा भाग अमुक उसाचा असें कोणास सांगतां येत नाहीं. येथेंहि तसेंच होतें. विद्यार्थ्यानें बेरजेला, गुणांना, क्रमाला दिलेलीं नांवें नाहींशीं होतात. त्याच्या ओळी नाहींशा होतात. उरते ती, 'अमुक खणांतील संख्या घे, तमुक स्थानीं ठेव,' अशा आज्ञांची लांबच लांब रांग. आणि मेमरी म्हणजे बाइटांची एक सलग पट्टी. दोषाचा परिणाम या रांगेंत दिसतो. पण दोष घडला तो माणसाच्या हातून, माणसाच्या भाषेंत. ज्या भाषेंत चूक केली त्या भाषेंत ती दाखविली नाहीं, तर शिकणाऱ्यास ती कळावी कशी?

या प्रश्नाचें उत्तर ब्राउझराहूनहि जुनें आहे. १९८८ सालच्या सुमारास अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीज येथें युनिक्सवर काम करणाऱ्यांनीं एक पद्धति बसविली. कंपायलरनें रूपांतर करतांना बरोबर एक टिपणहि लिहीत जावें, अशी ती पद्धति. तिला ड्वार्फ असें गमतीचें नांव आहे, आणि तिची पांचवी आवृत्ति २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. या टिपणांत मुख्यतः तीन गोष्टी असतात: कोणती आज्ञा मूळ मजकुराच्या कोणत्या ओळींतून आली, कोणत्या चलाचें नांव व प्रकार काय, आणि त्या त्या क्षणीं तो चल कोठें ठेविलेला आहे. वेबअसेम्ब्लीच्या फाइलींत अशा टिपणांसाठीं निराळे कप्पे ठेवण्याची सोय आहे. त्या कप्प्यांतील मजकुराचा प्रोग्रामच्या कामावर परिणाम होत नाहीं. जो दोष शोधावयास येतो त्याच्यासाठींच तो असतो.

हीं टिपणें थोडीबहुत वाचण्याची सोय क्रोम ब्राउझरांत डिसेंबर २०१९ मध्यें झाली. तेव्हां ओळ कळे. पण चलांच्या किंमती त्यांच्या मूळ रूपांत कळत नसत. डिसेंबर २०२० मध्यें सी व सी प्लस प्लस या भाषांसाठीं एक स्वतंत्र एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडावयाचें पूरक साधन, पुढें आलें. हें काम ब्राउझरनेंच अंगावर कां घेतलें नाहीं, असें कोणी विचारील. कारण असें कीं, आंकडे, अक्षरें व नोंदी मेमरींत मांडण्याची प्रत्येक भाषेची रीति निराळी असते, आणि सर्व भाषांचें ज्ञान एका ब्राउझरांत कोंबणें शहाणपणाचें नव्हे. म्हणून ब्राउझर केवळ प्रश्न विचारतो. मूळ मजकुराच्या फाइली कोणत्या? या ओळीस सांकेतिक आज्ञांतील कोणतें स्थान जुळतें? येथें थांबलों असतां कोणते चल अस्तित्वांत आहेत? त्यांतील अमक्याची किंमत काय? एक्स्टेन्शन टिपण वाचून या प्रश्नांचीं उत्तरें देतें.

आम्हीं हें साधन लावलें आणि बेरजेच्या ओळीवर थांबा ठेविला, म्हणजे प्रत्येक फेऱ्यास प्रोग्राम तेथें उभा राहून आपली स्थिति दाखवील. सी भाषेंत मोजणी शून्यापासून होते. म्हणून पांच गुणांचे क्रम ० ते ४. चौथ्या क्रमाचे गुण मिळाल्यावर बेरीज ३४० झाली. तेथें काम संपावयास हवें होतें. परंतु फेरा आणखी एकदां फिरला. क्रम ५ झाला, आणि बेरीज ३५७ झाली. हे वरचे १७ कोठून आले? विद्यार्थ्यानें गुणांच्या लगत त्याच नोंदींत हजेरीचा क्रमांक ठेविला होता, आणि तो होता १७. 'क्रम पांचांहून लहान असेपर्यंत' असें लिहावयाचें, तेथें त्यानें 'पांच किंवा त्याहून लहान असेपर्यंत' असें लिहिलें होतें. गुणांत हजेरीचा क्रमांक मिळविला गेला होता! ३५७ ला ५ नें भागलें असतां भाग ७१ येतो व बाकी २ उरते. पूर्णांकांच्या भागाकारांत सी भाषा अपूर्णांक टाकून देते, म्हणून उत्तर ७१. मुलगा प्रथम हंसला आणि मग गप्प बसला. त्या पांच मिनिटांत त्यास जें कळलें, तें पुसून लिहिण्यानें कळलें नसतें.

येथवर त्या साधनाची स्तुति झाली. परंतु मला जें मुख्यतः सांगावयाचें आहे तें पुढेंच आहे. तें साधन स्वतःच चुकलें असतें तर?

हा प्रश्न कोणास काल्पनिक वाटेल. पण तसा तो नाहीं. हें एक्स्टेन्शन ज्या भागांनीं बनलें आहे, त्यांत एलएलडीबी नांवाच्या दोषशोधक प्रोग्रामचे भाग आहेत. ते सी प्लस प्लस भाषेंत लिहिलेले असून कंपायलरनेंच वेबअसेम्ब्लींत उतरविलेले आहेत. म्हणजे रोगी ज्या मातीचा, वैद्यहि त्याच मातीचा. जे दोष शोधण्यासाठीं तो आला, तेच त्याच्याहि अंगीं असूं शकतात. मेमरींत ओळीनें चार बाइट आहेत, १, ०, ०, ०, असें समजा. वेबअसेम्ब्लीच्या रीतीप्रमाणें कमी किंमतीचा बाइट प्रथम असतो, म्हणून ही संख्या १ होय. साधनानें तेच बाइट उलट क्रमानें वाचले, तर तें १,६७,७७,२१६ असें सांगेल. ही चूक मोठी असल्यामुळें कोणीहि पकडील. पण ज्या बाइटांत आठहि बिट १ आहेत तो घ्या. चिन्हरहित संख्या म्हणून वाचला तर तो २५५. चिन्हसहित म्हणून वाचला तर उणे १. दोन्ही उत्तरें संभवनीय दिसतात. साधनानें प्रकार ओळखण्यांत चूक केली, तर विद्यार्थी आपला निर्दोष प्रोग्राम बिघडवीत बसेल, आणि आपण तो सुधारीत आहों अशीच त्याची समजूत असेल.

म्हणून असें साधन तयार करणें हें अर्धेंच काम. दुसरें अर्धें काम त्याची परीक्षा घेण्याचें. ती परीक्षा कशी घेतात हें विद्यार्थ्यांनीं लक्षपूर्वक पाहण्यासारखें आहे. ज्यांचें उत्तर आधींच निश्चित ठाऊक आहे असे लहान लहान प्रोग्राम लिहावयाचे; ते कंपायलरकडून टिपणासह उतरवून घ्यावयाचे; आणि साधनास विचारावयाचें कीं, या ओळीवर थांबलास, आतां या चलाची किंमत सांग. प्रथम एकेक भाग सुटा तपासावयाचा, आणि मग प्रत्यक्ष ब्राउझर चालवून, थांबा ठेवून, सर्व भाग एकत्र काम करतात कीं नाहीं हें पाहावयाचें. सुटे भाग बरोबर असूनहि जोडलेलें यंत्र बिघडलेलें असूं शकतें, हें आपल्या सायकली उघडून पुन्हा जोडणाऱ्या मुलांना सांगावयास नको.

प्रश्नहि सोपे सोपे विचारून भागत नाहीं. एकाच नांवाचे दोन चल, एक बाहेरच्या खंडांत व एक आंतल्या खंडांत, ठेविले तर साधन कोणता दाखवितें? कंपायलरनें एक लहान फंक्शन दुसऱ्याच्या पोटांत मुरविलें असेल, तर तें कोणत्या फंक्शनाचें नांव सांगतें? आणि सर्वांत कठीण प्रश्न हा: काम जलद व्हावें म्हणून कंपायलर कधीं कधीं एखादा चल अजीबात काढून टाकतो. त्या चलाची किंमत विचारली असतां खरें उत्तर एकच आहे, आणि तें म्हणजे, 'ती येथें उपलब्ध नाहीं.' ज्या साधनानें अशा वेळीं कोठल्या तरी जागेंतील संख्या उचलून ती किंमत म्हणून दाखविली, तें अनुत्तीर्ण समजावें. परीक्षेंत असाहि एक प्रश्न असला पाहिजे कीं, ज्याचें बरोबर उत्तर 'ठाऊक नाहीं' हेंच आहे. आमच्या शाळांतील परीक्षांत तो कधींच नसतो, हें मी एक शिक्षक म्हणून खेदानें नमूद करतों.

याहिपुढें जाऊन शहाणे परीक्षक परीक्षेचीच परीक्षा घेतात. साधनांत मुद्दाम एक दोष घालून ते पाहतात कीं आपली चांचणी ओरडते कीं नाहीं. जी चांचणी कधींच ओरडत नाहीं, ती रात्रभर गाढ झोंपणाऱ्या रखवालदारासारखी होय. तिच्या शांततेवरून चोर आला नाहीं असें सिद्ध होत नाहीं.

मला हें इतकें जिव्हाळ्याचें कां वाटतें, तें आतां सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं मीं एका परीक्षेंत प्रश्न विचारला होता: उणे ७ ला ३ नें भागलें असतां सी भाषेंत बाकी किती येईल? माझ्या उत्तरसूचींत २ असें लिहिलेलें होतें. गणितांत बाकी ऋण धरीत नाहींत, आणि पायथन भाषेंतहि उत्तर २ येतें. त्या भरंवशावर मीं तें लिहिलें, यंत्रावर करून पाहिलें नाहीं. एका विद्यार्थिनीनें उणे १ असें उत्तर लिहिलें. मीं त्यावर लाल शाईनें फुली मारली. ती वाद घालणारी मुलगी नव्हती. तिनें वहींत आपलें उत्तर खोडून खालीं २ असें लिहिलें. तीन आठवड्यांनंतर दुसऱ्या एका पाठाची तयारी करतांना मीं तो हिशेब यंत्रावर करून पाहिला, आणि पडद्यावर उणे १ असें उमटलें. सी भाषेच्या १९९९ सालच्या प्रमाणानुसार भागाकार शून्याच्या दिशेनें छाटला जातो, आणि म्हणून बाकीस भाज्याचें चिन्ह लागतें. मुलगी बरोबर होती. उत्तरसूची चुकली होती.

दुसऱ्या दिवशीं मीं वर्गांत सर्वांसमक्ष माझी चूक सांगितली व तिचे गुण तिला दिले. गुण परत देणें सोपें होतें. परंतु त्यानंतर कित्येक दिवस ती मुलगी प्रत्येक उत्तर लिहून झाल्यावर मान वर करून विचारी, "सर, हें बरोबर आहे ना?" पूर्वीं ती असें विचारीत नसे. न तपासलेल्या परीक्षकानें केलेलें नुकसान हें असें असतें. बरोबर असलेलें खोडलें जातें, आणि खोडणाऱ्याच्या हातास पुढें कंप सुटतो.

कांहीं पालक म्हणतील, "मास्तर, आज कृत्रिम बुद्धिमत्तेचीं साधनें प्रोग्राम लिहून देतात व दुरुस्तहि करून देतात. मग मुलांनीं या खटाटोपांत कां पडावें?" हा आक्षेप मी हंसण्यावारी नेत नाहीं. तीं साधनें मीहि वापरतों, आणि त्यांनीं माझा पुष्कळ वेळ वांचविला आहे. पण तींहि दोष शोधणारींच आहेत, आणि म्हणून तोच नियम त्यांनाहि लागू आहे. साधनानें 'दोष येथें आहे' असें सांगितल्यावर, तो तेथें खरोखरच आहे हें ज्यास पाहतां येतें, त्याच्या हातीं तें साधन म्हणजे चाकर. ज्यास पाहतां येत नाहीं, त्याच्या डोक्यावर तें धनी होऊन बसतें. माझ्या विद्यार्थिनीनें लाल फुलीवर विश्वास ठेविला तो फुली लाल होती म्हणून. उद्यां आमच्या मुलांनीं यंत्राच्या उत्तरावर तें ठाम शब्दांत दिलें आहे एवढ्याचसाठीं विश्वास ठेवूं नये, अशी माझी इच्छा आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, टिपणांमुळें फाइल फुगते, आणि वापरणाऱ्यास तिचा कांहीं उपयोग नाहीं. हें खरें आहे. म्हणूनच काम पुरें झाल्यावर हीं टिपणें निराळ्या फाइलींत काढून ठेवण्याची सोय केलेली आहे. लोकांच्या हातीं जाणारी वस्तु सुटसुटीत असावी. पण ती कशी बनली याची नोंद घरीं जपून ठेवावी. ती जाळून टाकण्याचें कारण नाहीं.

यावरून मला शाळेपुढें एक सूचना मांडावीशी वाटते. संगणकाच्या प्रात्यक्षिकांत आज आपण केवळ अखेरच्या उत्तरास गुण देतों. त्याऐवजीं प्रत्येक विद्यार्थ्यानें एक दोषवही ठेवावी, आणि तिलाहि गुण असावेत. तींत चार रकाने पुरेत: काय अपेक्षित होतें, काय झालें, दोष कोठें सांपडला, आणि तो तेथेंच होता हें कशावरून कळलें. या कल्पनेंत नवें कांहीं नाहीं. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत मार्क टू नांवाच्या संगणकाच्या एका रिलेंत अडकलेला पतंग तेथील लोकांना सांपडला. यंत्रांतील दोषास इंग्रजींत कीटकाचें नांव देण्याची रूढि त्याच्याहि पूर्वींची होती. येथें तर खराच कीटक निघाला. त्यांनीं तो फेंकून दिला नाहीं. तो नोंदवहीच्या पानावर चिकटविला व शेजारीं नोंद केली. तें पान आज वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय संग्रहालयांत जपून ठेविलें आहे. चुकीची लाज न बाळगतां तिची नीट नोंद ठेवणाऱ्यांचा हा धडा आमच्या मुलांनीं घेतला तर किती चांगलें होईल!

पालकांसहि एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी संगणकाच्या तासाहून घरीं आली म्हणजे, "आज प्रोग्राम चालला का?" एवढेंच विचारूं नका. "आज कोणती चूक सांपडली, आणि ती कशी सांपडली?" असेंहि विचारा. प्रथम मुलें बिचकतील; आपण रागावतां कीं काय अशी शंका त्यांना येईल. चार दिवसांनीं तींच उत्साहानें सांगूं लागतील, असा माझा अनुभव आहे.

नववीच्या वर्गासाठीं अशी एक दोषवही मीं या सत्रापासून सुरू केली आहे. ती संगणकाच्या खोलींत दाराजवळच्या मेजावर असते, व ज्यास पाहावयाची असेल त्यानें खुशाल पाहावी. दुसऱ्या पानावर गुणांत मिसळलेल्या हजेरीच्या क्रमांकाची हकीकत त्या विद्यार्थ्यानें स्वतःच्या अक्षरांत लिहिली आहे. पहिल्या पानावर उणे ७ आणि ३ यांचा हिशेब असून ती नोंद माझी आहे.